बोटवाली काय म्हणाली

माझ्या नणंदबाई समोरच्या माणसाच्या कानाकडे बघून बोलायच्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध काळा डाग पडला होता, टीपकागदावर शाई पसरावी तसा. सरळ बघितलं की समोरचा माणूस त्या डागात गडप. कडेकडेचं तेवढं दिसे. म्हणून कोणाचं तोंड बघायचं असलं की त्या त्याच्या कानाकडे बघत, आणि नवख्या बायकांना वाटे, ही म्हातारी आपल्या कानातल्यांवर डोळा ठेवून आहे. एकीने तर विचारलंच, "आवडले का हो आजी?" वन्सं म्हणाल्या, "छान आहेत. पण कान कुठे ठेवलेस?"

त्यांना जाऊन आता सव्वा वर्ष झालं. गेलेल्या माणसाबद्दल लोक गोडगोड लिहितात. मला ते जमत नाही, आणि वन्संनाही ते रुचलं नसतं. शिवाय जी गोष्ट सांगायची आहे तिच्यात चूक माझी आहे. तिला साखर लावून मी कोणाला फसवणार?

वन्सं माझ्या नवऱ्याहून सात वर्षांनी मोठ्या. वडील लवकर गेले, म्हणून एकोणिसाव्या वर्षी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागल्या आणि पाठच्या दोघांची शिक्षणं होईतो तिथेच राहिल्या. नंतरही तिथेच राहिल्या. घरचे म्हणत, हिचं लग्न राहून गेलं. त्या म्हणत, "राहून गेलं काय? मी राहू दिलं."

ती एक्स्चेंजची खोली मी लग्नानंतर एकदा पाहिली होती. लांबच लांब, खिडक्या उंचावर, आणि भिंतीला लागून अकरा बायका उंच स्टुलांवर पाठमोऱ्या बसलेल्या. समोर भोकाभोकांचा बोर्ड. दिवा लागला की एका भोकातली दोरी उपसून दुसऱ्यात खुपसायची. अकरा जणींचे हात एकमेकींवरून जात आणि दोऱ्यांचं जाळं होई, पण कधी गुंता झाला नाही. पाठीमागून सुपरवायझरबाई फेऱ्या मारत. नियम एकच आणि कडक: जोडून दिलं की आपली कळ बंद करायची. ऐकायचं नाही.

"आणि तुम्ही ऐकत नव्हता?" मी विचारलं होतं.

"कानाला काय झाकण असतं?" वन्सं म्हणाल्या. "पडायचं ते पडायचं कानावर. पण कानावर पडलेलं तोंडावर येऊ द्यायचं नाही. त्याचा पगार."

त्यांच्या शेजारच्या स्टुलावर त्यांची जिवाभावाची मैत्रीण बसे. एका दुपारी वन्संच्या बोर्डावर बाहेरगावचा कॉल आला. त्या मैत्रिणीचा भाऊ. वडील गेले होते, आणि तो बिचारा समोर कोण आहे हे न बघता ऑपरेटरलाच सांगत सुटला. वन्संनी त्याला म्हटलं, "थांबा, बहिणीला देते." मग शेजारी वळून रोजच्या आवाजात म्हणाल्या, "तुझा फोन आहे गं. आतल्या खोलीत घे." मैत्रीण हसत हसत उठून गेली.

पुढे कधीतरी तिने विचारलं, "तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग तुझ्या आवाजात कसं आलं नाही?"

"यायला नको होतं. बातमी तुझ्या भावाची होती."

हा किस्सा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, "दगड आहात तुम्ही." आता तसं म्हणवत नाही.

माझा नवरा गेला तेव्हा आम्ही दोघी एकाच इमारतीत राहत होतो. मी दुसऱ्या मजल्यावर, त्या पहिल्या. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. आमचं पटत होतं असं नाही, पण भांडायलाही माणूस लागतं, आणि दोघींकडे दुसरं कोणी उरलं नव्हतं. मुलंबाळं मलाही नाहीत. मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. लोकांच्या मुलांना नद्या पाठ करून देण्यात माझा जन्म गेला.

मग त्यांचे डोळे अधू झाले. आधी पेपर सुटला, मग विणकाम, मग टीव्ही. धाकट्या बहिणीची मुलगी, म्हणजे आमची भाची, दुसऱ्या गावी दातांची डॉक्टर आहे. दर रविवारी तिचा फोन येई. "मावशी, ये ना इकडे. खालची खोली रिकामीच आहे. जिना नाही, काही नाही. मी घरातच दवाखाना चालवते, हाक मारलीस की हजर."

"तुझ्याकडे लोकांना बोलू देत नाहीत," वन्सं म्हणत. "तोंड उघडायला लावतात आणि वर गप्प बस म्हणतात."

पण एकटीला स्वयंपाक जमेनासा झाला होता. गॅसच्या ज्योतीवर दोनदा बाही भाजली होती. जाण्यात शहाणपण होतं हे मला दिसत होतं, माझे डोळे धड होते. पण त्यांनी जावं हे मला नको होतं. एवढं एक वाक्य, "वन्सं, जाऊ नका, मला तुमच्याशिवाय करमणार नाही," मी त्यांना उभ्या जन्मात म्हटलं नाही. वर्गात चाळीस पोरांपुढे खणखणीत बोलणारी मी, आणि एवढं वाक्य जमलं नाही. त्याऐवजी मी मालिका लावली.

तेव्हा सगळी इमारतच मालिकांनी झपाटलेली होती. पूर्वी आठवड्याला एक भाग यायचा. तेव्हा जिन्यात सगळ्यांचं दुःख सारखं असे, एकाच मेलेल्या माणसासाठी चार मजले हळहळत. आता बारा-बारा भाग एकदम येऊन पडतात. भेटलं की कोणी कशी आहेस विचारत नाही, "कितव्यावर आहेस?" विचारतं. मग एक पुढे असते, दुसरी मागे, आणि मागची कानात बोटं घालून पळत सुटते. तिसऱ्या मजल्यावरचा शिंपी आणि त्याची बायको एकच मालिका दोन खोल्यांत बसून बघत होते, तो चौथ्या भागावर, ती नवव्या. आठ दिवस दोघं जेवताना हवापाण्यावर बोलले.

आम्ही निवडलेली मालिका कुठल्याशा थंड देशातली होती. एक बेट, तिथे ये-जा करणारी एक बोट, आणि त्या बोटीवर पोट असलेलं कुटुंब. ती आपल्या भाषेत बोलती केलेली नव्हती, नुसत्या खाली आपल्या भाषेत ओळी येत. वन्संना त्या दिसणं शक्य नव्हतं. म्हणून मी वाचायचं, त्यांनी ऐकायचं. दुपारी चारला त्या एक जिना चढून वर येत. चहा, मारी बिस्किटं, दोन भाग. सहाला मी त्यांना हाताला धरून खाली सोडून येई.

त्या परदेशी नावांनी आमच्या जिभेला गाठी पडत, तेव्हा आम्ही त्यांचं बारसं केलं. माझी नावं तोंडावळ्यावरून, त्यांची आवाजावरून. मी ज्याला लांबनाक्या म्हणे, त्याला त्या घोगरा म्हणत. माझी भुरी ही त्यांची रडवी.

"रडवी कुठली? हसतेय की ती," मी म्हणे.

"तोंड हसत असेल. आवाज रडतोय. पुढच्या भागात बघ."

आणि पुढच्या भागात भुरी धाय मोकलून रडे. मी चिडे. डोळे माझे, आणि दिसायचं त्यांना.

एका नावावर मात्र दोघींचं एकमत होतं: बोटवाली. सत्तरीची विधवा. नवऱ्यामागे बोट चालवलेली, धक्क्यालगतच्या घरात एकटी राहणारी. शहरातली मुलगी तिला बोलावून बोलावून थकलेली. बोटवाली पडद्यावर आली की वन्सं चहाचा कप खाली ठेवत.

माझ्या वाचण्यावर त्यांची टीका चाले. "हुकूम सोडल्यासारखी वाचू नकोस गं. ती त्याला ये म्हणतेय. हजेरी नाही घेत आहे."

"तुम्हीच वाचा मग," मी गमतीने म्हणे, आणि दोघी हसत असू. तेव्हा त्या वाक्याला धार नव्हती.

दोन भागांच्या पुढे एक मिनिटही नाही, हा नियम वन्संचा. माझा जीव नुसता वरखाली होई. मी पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचणारी बाई. "अजून एक लावू या ना," मी गळ घाली.

"एकदम खाऊन अजीर्ण कशाला? उद्याला काहीतरी हवं की." आणि मग दारातून वळून दम देत, "आणि मला सोडून पुढे बघायचं नाही. शपथ आहे."

"मी काय लहान आहे?"

"लहान असतीस तर शपथ घातली नसती. कान धरला असता."

असे मालिकेचे दोन हंगाम झाले. रविवारी भाचीचा फोन आला की वन्संचं उत्तर ठरलेलं होतं: "ही मालिका संपली की सांगते." भाचीला तो विनोद वाटे. मला तो वाटत नव्हता. मी मनातल्या मनात राहिलेले भाग मोजत असे, आणि ती कधीच संपू नये अशी माझी इच्छा होती.

तिसऱ्या हंगामाच्या सहाव्या भागात बोटवालीने ट्रंक उघडली. मुलीकडे जायचं तिने ठरवलं होतं. ट्रंकेत घड्या घालता घालताच भाग संपला. वन्संनी गार झालेला चहा संपवला. मग म्हणाल्या, "जाऊ दे तिला. बघू तरी तिकडे कशी राहते ती. तिचं बघून मी माझं ठरवीन."

"मालिकेवरून का कोणी ठरवतं?" मी म्हटलं.

"तुझ्या-माझ्या वयाचं दुसरं कोण दिसतं गं कुठे? जे दिसतं त्यावरून ठरवायचं." आणि हसल्या. थट्टा की खरं, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना डोळ्यात इंजेक्शन होतं. ते झालं की दोन दिवस पडदे ओढून पडून राहावं लागे. मी त्यांना दवाखान्यातून आणलं, सूप करून दिलं, वर आले. एक दिवस कसाबसा काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी सातवा भाग लावला.

एकच बघायचा होता. असं प्रत्येक जण म्हणतो. एक संपला की पडद्यावर आकडे उलटे पळतात आणि बोटही न हलवता पुढचा सुरू होतो. मी दुपारचं जेवण टीव्हीपुढे उभ्याने उरकलं. चहाच्या वेळेपर्यंत सहाच्या सहा भाग संपवून बसले होते. आणि पुढचं वन्संना कळू नये असं वाटत होतं.

कारण बोटवाली मुलीकडे गेली आणि सुखात राहिली. तिच्या खिडकीतून ट्राम दिसे. समोरच्या बागेत तिला तीन मैत्रिणी मिळाल्या. धक्क्यावरच्या घरात दुसरं कोणी राहायला आलं, त्याचंही तिला काही वाटलं नाही. आठव्या भागात ती बेटावरच्या जुन्या शेजारणीला फोन करते आणि म्हणते, मी उगाच घाबरत होते गं, इतकी वर्षं का थांबले कोण जाणे. हे वाक्य मी त्या खोलीत बसून वन्संना मोठ्याने वाचून दाखवायचं होतं.

तिसऱ्या दिवशी वन्सं चारला वर आल्या, डोळ्याला हिरवा पडदा लावलेला. "चल, लाव. दोन दिवस नुसती ती ट्रंक दिसतेय मला."

सातव्या भागातच माझी पहिली फजिती झाली. लांबनाक्या दारात उभा राहिला आणि मी वाचलं, "आई, बोट आली."

वन्संनी मान वळवली. "तो अजून बोललाच नाही."

क्षणभराने तो बोलला.

"ओळ आधी येते कधीकधी," मी म्हटलं.

"आजवर नाही आली."

"आज आली."

त्यांनी मान परत पडद्याकडे वळवली. बिस्किट बुडवलं, ते चहात पडलं, तरी कान पडद्याकडेच. मी मात्र घाईघाईने वाचत सुटले. जे ठाऊक आहे ते दुसऱ्यांदा वाचायचा मला भयंकर कंटाळा. मधल्या दोन-चार ओळी मी गाळल्यासुद्धा. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटं नाही.

मग आठवा भाग लागला. बोटवालीने फोन उचलला. काय करायचं हे मी ठरवलं नव्हतं, अगदी खरं सांगते. पण ओळी आल्या आणि माझ्या तोंडून दुसरंच निघालं. "इथे मला मुळीच करमत नाही गं," मी वाचलं. "उगाच घर सोडलं. माझी जागा तिथेच होती."

खोलीत बोटवालीचा आवाज चालला होता. परकी भाषा, एक शब्द कळत नव्हता, पण ती हसत होती. मला ते ऐकू आलं नाही. मी ओळींकडे बघत होते.

"थांबव," वन्सं म्हणाल्या.

मी थांबवलं.

"काय म्हणाली ती?"

"सांगितलं की. करमत नाही म्हणाली."

"मागे घे. परत लाव."

मी परत लावलं. पुन्हा तेच वाचलं, आणि वाचताना आवाज जरा रडवा केला. शाळेच्या नाटकांत मी तीस वर्षं पोरांना हेच शिकवत होते.

"ती हसतेय," वन्सं म्हणाल्या. "श्वास बघ कसा घेतेय. रडणारं माणूस असा श्वास घेत नाही. ती हसतेय आणि तू तिला रडवते आहेस. काय लिहिलंय तिथे?"

इथे मी खरं सांगू शकले असते. त्यांच्या आवाजात राग नव्हता अजून. मी म्हटलं असतं, वन्सं, मी पुढे बघितलं, तिचं तिकडे छान चाललंय, आणि मला भीती वाटली की तुम्ही जाल. बस, इतकंच. कदाचित त्यांनी माझा कान धरला असता. पण चोरी पकडली गेली की माझं डोकं फिरतं, हा माझा स्वभाव. शाळेत मुख्याध्यापिकेशीही मी अशीच भांडले होते, चूक माझी असताना.

"माझ्यावर विश्वास नसेल तर स्वतः वाचा," मी म्हटलं.

तेच वाक्य. पूर्वी शंभरदा गमतीत म्हटलेलं. या वेळी ते गमतीत नव्हतं, आणि ज्या बाईला म्हटलं तिच्या डोळ्याला पडदा बांधलेला होता.

वन्संनी पदरावरचा बिस्किटाचा चुरा झटकला. मग म्हणाल्या, "तू मागच्या दोन हंगामांत आणखी काय काय बदललंस?"

"काही नाही! देवाशपथ, काही नाही!"

"असेल. पण मी आता कशी तपासणार?"

त्या उठल्या. भिंतीला हात लावत दारापर्यंत गेल्या, चपला पायाने चाचपल्या. रोज मी त्यांना हाताला धरून खाली सोडत असे. त्या दिवशी मी सोफ्यावर बसून राहिले आणि चपलांचा आवाज ऐकला. सोळा पायऱ्या. मग त्यांच्या दाराची कडी. पडद्यावर बोटवाली तोंड उघडं ठेवून तशीच थांबलेली.

दुसऱ्या दिवशी चारला मी चहाचं आधण ठेवलं, दोन कपांचं. त्या आल्या नाहीत. खाली जाऊन माफी मागावी, एवढं सोपं होतं. सोळा पायऱ्या. पण मी म्हटलं, येतील आपण होऊन, कुठे जाणार आहेत? तिसऱ्या दिवशीही मी तेच म्हटलं. चौथ्या दिवशी म्हटलं, आता तर मी मुळीच जाणार नाही, वाईट वाटायला मलाही येतं.

पाचव्या दिवशी सकाळी भाची आली. दोन मोठ्या बॅगा घेऊन.

मी खाली धावले तेव्हा घर अर्धं आवरून झालं होतं. वन्सं खुर्चीत बसून सूचना देत होत्या, जुन्या सुपरवायझरच्या थाटात. मला बघून, म्हणजे माझ्या कानाकडे बघून, म्हणाल्या, "आलीस? बरं झालं. वरच्या फळीवर कोरी चहापूड आहे, घेऊन जा. कुंड्या शिंपिणीला सांगितल्यात."

"असं अचानक?" मी म्हटलं.

"अचानक कुठे? किती वर्षं बोलावते आहे पोरगी."

भाची आतल्या खोलीत कपाट रिकामं करत होती. मी आवाज उतरवला. "वन्सं, चार भाग राहिलेत अजून."

"तुझे कुठे राहिलेत?"

मी चहापूड काढली. गाडीत बसताना त्यांनी माझा हात चाचपून धरला, दाबला, आणि सोडला. भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी "तब्येतीला जप" म्हटलं, त्या रोजच्या आवाजात. बातमी ठाऊक असून मैत्रिणीला "फोन आहे" ज्या आवाजात सांगितलं असेल, तो हाच असणार.

त्यानंतर फोन होत. दर बुधवारी मी करी. पाऊसपाणी, गुडघे, शिंपिणीने कुंड्यांचं काय केलं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोघांसारखं आमचं झालं होतं, फक्त आठ दिवसांनी सुटलं नाही. एकदा मी धीर करून म्हटलं, "शेवट सांगू का बोटवालीचा? खरा खरा?"

"नको गं," त्या म्हणाल्या. "तू सांगितलास तरी मला दोनदा ऐकावा लागेल, दुसऱ्यांदा खात्रीसाठी."

चार महिन्यांनी मी तिकडे गेले. भाचीने आग्रह केला होता. घर छान. पुढच्या खोलीत दवाखाना, मागे अंगण, आणि वन्संची खोली बरोबर मधे, सगळीकडून हाकेच्या अंतरावर. त्या किंचित जाड झाल्या होत्या. बाही भाजलेली नव्हती.

स्वयंपाकघरात भाची पाव कापत होती. हळूच म्हणाली, "मामी, एक विचारू? तुमचं दोघींचं काही झालं होतं का?"

"का गं?"

"नाही, म्हणजे... मावशीने मला नाही म्हणून कळवलं होतं. इंजेक्शनच्या दिवशी सकाळी. स्पष्ट. म्हणाली, मी येत नाही, मला इथे सोबत आहे, पुन्हा विचारू नकोस. मी ती खोली विद्यार्थिनीला द्यायचंही ठरवलं होतं. आणि मग आठवड्याभरात एकदम फोन, ने मला."

मी भाचीच्या हातातली सुरी घेतली आणि उरलेला पाव मी कापला. जाड-बारीक कसाही. ज्या दिवशी मी सूप करून दिलं, त्या दिवशी त्यांचं ठरलेलं होतं. बोटवालीवरून नाही. तिचं काय झालं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. दोन दिवस पडदे ओढून त्या खाली निवांत पडून होत्या, आणि मी वर टीव्हीपुढे उभ्याने जेवत होते.

चारला भाचीने दवाखान्याचं दार लावलं आणि मावशीशेजारी येऊन बसली. मालिका लावली. तीच. पहिल्या हंगामापासून पुन्हा सुरू केली होती त्यांनी, आणि आता दुसऱ्याच्या मध्यावर होत्या. मला बाजूची खुर्ची दिली.

भाची वाचते कशी, तर दात उपटल्यासारखी. एकेक शब्द ओढून. विराम नको तिथे, हवा तिथे नाही. भुरीची वाक्यं लांबनाक्याच्या तोंडी घातली, मग जीभ चावली. दर मिनिटाला म्हणे, "मावशी, ही ओळ गेली बघ, वाचायच्या आत पळाली." किंवा, "हा शब्द मला कळला नाही, काहीतरी नांगराबद्दल आहे."

"असू दे," वन्सं म्हणत. "जेवढी सापडेल तेवढी वाच."

मला प्रत्येक ओळ दिसत होती. नांगर टाका, वारा फिरलाय, असं लिहिलं होतं. मी ओठ आवळून बसले.

तेवढ्यात दवाखान्याची घंटा वाजली. कोणाचा तरी गाल सुजला होता. "आलेच हं," म्हणत भाची उठून गेली. पडद्यावर बोटवाली आली. धक्क्यावर उभी राहून कोणालातरी काही सांगू लागली. तिच्याखाली ओळी येत होत्या, जात होत्या. खोलीत आम्ही दोघीच होतो. जुनीच जागा, त्या माझ्या डाव्या हाताला. मी श्वास घेतला. घसा साफ केला.

वन्संनी ते ऐकलं. त्यांनी माझ्या कानाकडे बघितलं.

"थांबव जरा ते," म्हणाल्या. "पोरगी येऊ दे."

मी रिमोट उचलला आणि थांबवलं.